एलसीडी पाटी, मांडवी एक्सप्रेस आणि दोन पोरं: दिवाळी ते गणपती वापरून झाल्यावर

दिवाळीच्या सुट्टीत गावी जायच्या आधी ही साडेआठ इंची एलसीडी रायटिंग पाटी (पेनाने दाबून लिहायचं, खालचं बटण दाबलं की सगळं पुसलं जातं) ऑनलाइन मागवली होती, 250 रुपयांच्या आत मिळाली, आता गणपतीला जाऊन आलो तरी व्यवस्थित चालू आहे म्हणून जरा सविस्तर लिहिते. आमचा रूट ठाणे ते कुडाळ, शक्यतो मांडवीच, कारण दिवसाची गाडी. मुलगा 8 वर्षांचा, मुलगी 4 ची. दोन पोरांना घेऊन या गाडीने गेलेल्यांना वेगळं सांगायला नको, पनवेललाच "आई, कुडाळ कधी येणार" सुरू होतं आणि रोहा यायच्या आत निम्मा खाऊ फस्त. त्यात पावसाळी वेळापत्रक असेल तर गाडी अजून हळू.

मोबाईल का नको, तर कोकण रेल्वेवर त्याचा काही भरवसाच नाही. वीर स्टेशन सुटलं की बोगद्यांची रांग लागते, नेटवर्क गायब, कार्टून गोल गोल फिरत बसतं आणि आमची धाकटी भोकाड पसरते. डाऊनलोड करून नेलं तर आवाजाचा प्रॉब्लेम, हेडफोन ती दोन मिनिटांत ओढून फेकते, आणि चार्जिंग पॉइंटवर आधीच कोणाचा तरी फोन लटकलेला असतो.

या पाटीचं मला सगळ्यात काय आवडलं तर हिचा आवाज नाही आणि हिच्यातलं काही घरंगळत नाही. खडूच्या पेटीतला एक खडू खाली पडला की तो थेट समोरच्यांच्या बॅगांमागे, मग वाका, सॉरी म्हणा, मोबाईलची बॅटरी लावून शोधा. चुंबकाची साप-शिडी पण नेऊन बघितली, सोंगट्या पटाला चिकटून राहतात हे खरं, पण धाकटीच्या हाताला राहत नाहीत. इथे फक्त पेन आहे आणि तेही मी पहिल्याच दिवशी नाडीने बांधून टाकलं. समजा हरवलंच तर नखानेसुद्धा उमटतं, दाब पडला की झालं.

खेळ म्हणाल तर फुल्ली-गोळा, ठिपके जोडून चौकोन, आणि नाव-गाव-फळ-फूल, ज्यात गाव म्हणजे मार्गावरचं स्टेशनच पाहिजे असा मोठ्याचा नियम (त्यामुळे त्याला संगमेश्वर, विलवडे, वैभववाडी, झाराप सगळं पाठ झालंय, शाळेतलं नाही होत ते सोडा). पण खरा हिट खेळ बोगदे मोजायचा. एक बोगदा एक रेघ, पाचवी आडवी. एकदा चिपळूणच्या पुढे त्याने एवढ्या रेघा जमवल्या होत्या आणि धाकटीने नेमकं खालचं बटण दाबलं, सगळं साफ! मग जे काय झालं ते अख्ख्या डब्याने ऐकलं. या पाट्यांना मागे एक छोटं लॉकचं बटण असतं, ते सरकवलं की पुसायचं बटण चालत नाही. घेताना लॉक आहे का हे आधी बघा, काही स्वस्तातल्यांना नसतं. तेव्हापासून बोगदे मोजायचे असले की वीरला लॉक लागतं ते कुडाळलाच निघतं, चित्रं काढायची असतील तर कोपऱ्यात काढा. रत्नागिरीच्या अलीकडचा करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा आला की मात्र पाटी बाजूला, कारण तो संपेपर्यंत कोण न थांबता आकडे म्हणतो याची पैज असते. पुढे पानवल नदीचा 64 मीटर उंच पूल, तेव्हा दोघंही खिडकीला, पाटी माझ्या मांडीवर.

आता तोटे. पाटीला स्वतःचा उजेड नाही, त्यामुळे बोगद्यात डब्यातले दिवे बंद असतील तर काही दिसत नाही, रात्रीच्या गाडीत वरच्या बर्थवर तर अजिबात नाही. थोडंसं पुसायची सोय नाही, पुसलं की सगळंच जातं. "मल्टिकलर" असं लिहून विकतात पण रंग निवडता येत नाही, आडवे पट्टे ठरलेले असतात, वर निळा तर निळाच. माझ्या मुलीला गुलाबी हत्ती हवा होता, त्याचे पाय हिरवे झाले, रडारड. आणि गणपतीच्या गर्दीत कोणीतरी पाटीवर बसलं, तेव्हापासून मधे एक फिकट डाग आहे, तिथे रेघ नीट उमटत नाही.

गर्दीवरून सांगते, 5 ते 12 मधल्या मुलाचं हाफ तिकीट काढलं की त्याला बर्थ मिळत नाही, बर्थ हवा तर पूर्ण पैसे. धाकटीचं तिकीटच नाही. म्हणजे आम्ही चौघं दोन बर्थवर, तिथे पट मांडणार कुठे? पाटी मांडीवर मावते. यावेळी बाजूच्या आजींनी विचारलं, "ह्या काय गो, पाटी काय?" आणि मग खेडपासून थेट रत्नागिरीपर्यंत आजीच मोठ्याशी फुल्ली-गोळा खेळत होत्या, मला चक्क चहा शांतपणे प्यायला मिळाला.

सेल अजून पहिलाच आहे. लिहायला बॅटरी लागतच नाही, फक्त पुसायला लागते. पण तो बटणासारखा चपटा सेल आहे, लहान मुलाने गिळला तर पोटात, घशात भयंकर इजा होते, म्हणून झाकणाला स्क्रू असलेलीच घ्या आणि तो घट्ट आहे ना हे निघायच्या आधी बघा. आमचा स्क्रू मे महिन्यात सैल झाला होता, नवऱ्याने चष्म्याच्या छोट्या पेचकसने आवळला.

आता दुसरी मागवलीये, कारण एका पाटीवर दोन पोरं म्हणजे शेवटी मारामारीच. 12 इंचीचा मोह झाला होता पण ती खिडकीजवळ बसलं की शेजारच्याच्या बरगडीत जाते, साडेआठच बरी.