देव आत्मा की देहधारी? ख्रिस्ती विश्वासातली दोन उत्तरं, शेजारी शेजारी

ख्रिस्ती लोकांना विचारा की देवाला शरीर आहे का, बहुतेक ठिकाणी ठाम 'नाही' ऐकायला मिळेल. कॅथलिक, ऑर्थोडॉक्स, लुथरन, अँग्लिकन, बॅप्टिस्ट हे एरवी शतकानुशतकं आपसांत वाद घालत आले, पण या मुद्द्यावर त्यांचं जुळतं. तितकंच ठाम 'हो' म्हणणारी, मोठी म्हणावी अशी संस्था म्हणजे चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स. बाहेरचे लोक त्यांना मॉर्मन म्हणतात. दोन्हीकडे बायबल वाचलं जातं आणि दोन्हीकडे येशूला देवाचा पुत्र म्हटलं जातं. मग ठरवायचं कशावरून?

माझं मत आधीच सांगून टाकतो: बायबलमधली वचनं मोजून हा प्रश्न सुटत नाही. 'माझ्या बाजूची वीस, तुझ्या बाजूची बारा' असा हिशोब दोन्ही बाजूंनी मांडून झाला आहे आणि त्याने कोणी हललेलं नाही. निर्णय खरं तर दुसरीकडेच होतो. त्याकडे येतोच.

भांडण नेमकं कोणाच्या शरीराचं?

ख्रिस्ती लोक देवाबद्दल पिता, पुत्र (म्हणजे येशू) आणि पवित्र आत्मा अशा तीन नावांनी बोलतात. पुत्राला शरीर आहे, यावर दोघांचं एकमत आहे. येशू पूर्ण देव आणि पूर्ण मनुष्य, हे ४५१ साली कॅल्सिडनला भरलेल्या बिशपांच्या परिषदेने बांधून दिलेलं सूत्र कॅथलिक, प्रोटेस्टंट आणि बहुतेक ऑर्थोडॉक्स चर्च आजही मानतात. पुनरुत्थान देहासकट, स्वर्गारोहणही देहासकट. वर गेल्यावर येशूने देह उतरवून ठेवला, असं मुख्य प्रवाह म्हणत नाही. पवित्र आत्म्याला मांस-हाडं नाहीत, हेही दोघांना मान्य. उरला पिता. वाद आहे तो पित्याच्या शरीराचा.

एवढं नीट कळलं तरी निम्मा गोंधळ मिटतो. 'मुख्य प्रवाहातल्या ख्रिस्ती लोकांना शरीराचं वावडं आहे' हा आरोप तर टिकतच नाही. आठव्या शतकात दमास्कसच्या योहानाने प्रतिमांच्या बाजूने लिहिताना हेच मांडलं: अदृश्य देवाचं चित्र काढता येत नाही, पण जो देहधारी झाला त्याचं काढता येतं. ७८७ साली निकियाच्या दुसऱ्या परिषदेने प्रतिमांना मान्यता दिली. मात्र पित्याला पिकल्या दाढीचा म्हातारा म्हणून रंगवण्यावर १६६६-६७च्या मॉस्कोच्या महापरिषदेने बंदी घातली. पश्चिमेत मायकेलअँजेलोने सिस्टीन चॅपेलच्या छतावर नेमका तसाच देव रंगवला, आणि आपल्या डोक्यात बसलेलं चित्र तेच. त्यावरून सिद्धांत ठरवू नये.

'देव आत्मा आहे' म्हणणारी बाजू

यांचं पहिलं वचन योहान ४:२४, म्हणजे बायबलमधल्या योहानाच्या पुस्तकाचा चौथा अध्याय, चोविसावं वचन. उपासना या डोंगरावर करायची की यरुशलेमात, असा शमरोनी स्त्रीचा प्रश्न आहे. येशू म्हणतो, ना इथे ना तिथे; देव आत्मा आहे. संदर्भ जागेचा आहे, म्हणून हे वचन वजनदार ठरतं. शरीर म्हटलं की ठिकाण आलं. देव एका ठिकाणी मावत नाही, हे तर शलमोन मंदिराच्या अर्पणाच्या वेळीच बोलून गेला होता (१ राजे ८:२७). 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाच्या चौथ्या अध्यायात मोशे लोकांना बजावतो, होरेब डोंगरावर तुम्ही वाणी ऐकलीत, आकृती पाहिली नाही, म्हणून मूर्ती करू नका. कलस्सैकरांस पत्रात आणि तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात देव 'अदृश्य' आहे. आणि लूक २४:३९ मध्ये उठलेला येशू स्वतःच सांगतो की आत्म्याला मांस व हाडं नसतात. हे वाक्य योहान ४:२४ ला जोडलं की मुख्य प्रवाहाचा युक्तिवाद उभा राहतो.

पुढे यालाच कायद्यासारखी भाषा मिळाली. अँग्लिकनांची ३९ कलमं (१५७१) आणि वेस्टमिन्स्टरचा विश्वासनामा (१६४६) दोन्ही सांगतात की देवाला शरीर नाही, अवयव नाहीत, विकार (भावनांचे आवेग) नाहीत. यातल्या तिसऱ्यावर आज प्रोटेस्टंटांमध्येच बरीच चर्चा चालते, पहिल्यावर नाही. कॅथलिकांनी १८७०च्या पहिल्या व्हॅटिकन परिषदेत देवाचं वर्णन पूर्णपणे एकसंध आणि न बदलणारं आत्मिक तत्त्व असं केलं. त्याच्या मुळाशी मध्ययुगीन धर्मपंडित थॉमस अक्वायनसचा तर्क आहे: शरीराचे भाग पाडता येतात, ते बदलतं, त्याला हलवता येतं; जो सगळ्याचं आदिकारण आहे त्याला यातलं काहीच लागू होऊ शकत नाही.

मग देवाचे हात, डोळे, पाय? ही बाजू म्हणते, अलंकार. स्तोत्र ९१ मध्ये देवाला पिसं आणि पंखही आहेत, पण त्यावरून कोणी त्याला पक्षी मानत नाही. इथे एक सावधगिरी: हा देव निराकार असला तरी निर्गुण नाही. तो बोलतो, बोलावतो, करार करतो, आणि होशेयाच्या अकराव्या अध्यायात तर त्याचं मन कळवळतं.

या बाजूची अडचण झाकण्यात अर्थ नाही. निर्गम २४ मध्ये इस्राएली लोकांचे वडीलधारे पुढारी देवाला पाहतात, त्याच्या पायांखालची फरसबंदीही पाहतात, आणि मग खातात-पितात. निर्गम ३३ मध्ये देव मोशेशी समोरासमोर बोलतो आणि त्याच अध्यायात सांगतो की माझं मुख पाहून कोणी जिवंत राहणार नाही. उत्पत्ती १ मध्ये मनुष्य देवाच्या प्रतिरूपाचा आणि उत्पत्ती ५:३ मध्ये आदामाचा मुलगा शेथ आदामाच्या प्रतिरूपाचा. वर्णन जवळजवळ तेच. निर्गमातलं ते केवळ दर्शन होतं, किंवा पुत्राचं पूर्वदर्शन होतं, अशी उत्तरं आहेत. मला ती पटतात, पण ती वाचणाऱ्याला बाहेरून आणावी लागतात.

'पित्यालाही देह आहे' म्हणणारी बाजू

या शिकवणीचा उगम जोसेफ स्मिथ. १८२० साली, न्यूयॉर्क राज्यात कुमारवयात असताना, आपल्याला पिता आणि पुत्र दोन वेगळ्या व्यक्तींच्या रूपात दिसले, असं त्याने पुढे लिहिलं. २ एप्रिल १८४३ रोजी इलिनॉयमधल्या रॅमस गावी त्याने जे शिकवलं ते आज त्यांच्या 'डॉक्ट्रिन अँड कव्हनंट्स' या धर्मग्रंथाच्या १३०व्या विभागात आहे: पित्याला माणसाइतकंच स्पर्शगम्य मांस-हाडांचं शरीर आहे, पुत्रालाही आहे, पवित्र आत्म्याला नाही. हा देह मात्र आपल्यासारखा मर्त्य नव्हे, गौरवी आणि अमर. पित्याचं सर्वव्यापित्व ते त्याच्या सामर्थ्याने आणि प्रभावाने मानतात, देहाने नव्हे.

उत्पत्तीतलं प्रतिरूप त्यांना शब्दशः घ्यायचं आहे. पहिला ख्रिस्ती हुतात्मा स्तेफन याला मरताना देवाच्या उजवीकडे उभा असलेला येशू दिसतो, तेही शब्दशः. पुत्र पित्याचं हुबेहूब रूप आहे (इब्री १:३), मग पुत्राला देह आणि पित्याला नाही, असं कसं? योहान ४:२४ बद्दल ते म्हणतात, उपासकही 'आत्म्याने' उपासना करतात, पण म्हणून शरीर घरी ठेवून येत नाहीत.

त्यांचा सगळ्यात जोरदार मुद्दा मला पुनरुत्थानाचा वाटतो. देह ही पूर्णत्वाची गोष्ट नसती तर पुत्राने तो कायमचा का ठेवला? मुख्य प्रवाहाचं उत्तर असं की पुत्राने तो आपल्यासाठी घेतला, त्याच्या देवत्वाला त्याची गरज नव्हती. उत्तर सुसंगत आहे, पण प्रश्न विचारण्याजोगा आहे.

दोन गोष्टी इथे खटकतात. 'डॉक्ट्रिन अँड कव्हनंट्स'च्या १८३५च्या आवृत्तीत छापलेल्या विश्वासावरच्या व्याख्यानांत पित्याला आत्मिक व्यक्ती म्हटलं होतं. ती व्याख्यानं १९२१ साली ग्रंथातून वगळली गेली. अनुयायी म्हणतात, प्रकटीकरण टप्प्याटप्प्याने होतं. टीकाकार म्हणतात, शिकवण बदलली. दुसरं, स्मिथने बायबलची जी सुधारित प्रत केली तिच्यात योहान ४:२४ मधलं 'देव आत्मा आहे' हे विधानच उरत नाही; त्या जागी देवाने उपासकांना आपला आत्मा देण्याचं वचन दिल्याचा मजकूर येतो. मूळ वाक्य आड येत नसतं तर बदलायची वेळ आली नसती, असं मला वाटतं.

तिसरी मंडळी, जी कुठेच बसत नाहीत

हा वाद १८४३ साली सुरू झाला नाही. तिसऱ्या शतकाच्या सुरुवातीला ख्रिस्ती लेखक तर्तुलियन लिहितो की देव आत्मा असला तरी शरीरच आहे, कारण आत्माही आपल्या परीने एक शरीर असतो. जे खरं आहे ते सगळं शरीरच, असं मानणाऱ्या प्राचीन ग्रीक स्टोइक तत्त्वज्ञानाची ही छाप. त्याला मांस-हाडं अभिप्रेत नव्हती. पुढे मोठा धर्मपंडित झालेला ऑगस्टीन तरुणपणी उलट्याच गैरसमजात होता: कॅथलिक लोक देवाला माणसाच्या आकाराचा मानतात, असं त्याला वाटे. मिलानमध्ये तिथला बिशप अँब्रोज याची प्रवचनं ऐकून तो भ्रम गेला. तरी जड नसलेली एखादी गोष्ट खरोखर असू शकते, हे पचायला त्याला फार काळ लागला.

इजिप्तची गोष्ट मात्र सविस्तर सांगण्यासारखी. ३९९ साली अलेक्झांड्रियाचा बिशप थिओफिलस याने आपल्या वार्षिक पत्रात देवाला मानवी आकार मानणं चूक आहे असं लिहिलं. वाळवंटातल्या पुष्कळ साध्या संन्याशांना ते सहन झालं नाही. त्यांतला सेरापियन नावाचा वृद्ध, व्रतस्थ म्हणून सगळ्यांना आदरणीय. एका विद्वान डीकनने (चर्चच्या सेवकाने) त्याला समजावलं, त्याला पटलंही. मग सगळे आभार मानायला प्रार्थनेला उभे राहिले, आणि म्हातारा रडू लागला: माझा देव माझ्यापासून नेला, आता मी कोणाला धरू, कोणाची भक्ती करू? हे जॉन कॅसियन या संन्यासी लेखकाने नोंदवलं आहे. थिओफिलस पुढे संतापलेल्या जमावासमोर नमला आणि ज्यांची बाजू आधी उचलली होती त्याच विद्वान संन्याशांवर उलटला, पण ते राजकारण. सेरापियनचं दुःख खरं होतं आणि तर्काने ते मिटलं नव्हतं. ज्याला प्रार्थनेत समोर कोणीतरी हवं आहे, त्याला मुख्य प्रवाहाचं उत्तर 'येशूकडे पाहा' हे आहे. ते पुरेसं वाटतं का, हे ज्याचं त्याने आजमावावं.

वाट फुटते ती इथे

आधी म्हटलं तो खरा निर्णय हा. सगळं जड जग देवाने शून्यातून निर्माण केलं, असं मुख्य प्रवाह मानतो. मग जडापासून बनलेलं शरीर देवाचं मूळ स्वरूप असूच शकत नाही. निर्मात्याआधी निर्मितीचा माल कुठून येणार? लॅटर-डे सेंट्सच्या शिकवणीत मूलतत्त्वं अनादि आहेत आणि देव त्यांची रचना करतो. शिवाय आत्माही सूक्ष्म जड आहे. या चौकटीत देहधारी पित्यात काहीच विसंगती नाही. म्हणजे शरीराबद्दलचं मत हे विश्वाबद्दलच्या मताचं टोक आहे.

याच्याच जोडीला दुसरा प्रश्न: बायबलनंतर नवं प्रकटीकरण मान्य आहे का? नसेल, तर माझ्या वाचनात 'आत्मा' हेच उत्तर भारी पडतं, कारण दर्शनांच्या गोष्टींपेक्षा अनुवाद ४ आणि योहान ४ हे देवाच्या स्वरूपाबद्दल थेट बोलतात. असेल, तर १३०वा विभाग तुमच्यासाठी प्रश्न मिटवतो, आणि मग तपासायचा तो जोसेफ स्मिथ, योहान नव्हे.

निर्णयाचा व्यवहारी परिणामही आहे. बाप्तिस्मा म्हणजे पाण्याने चर्चमध्ये घेण्याचा विधी. कॅथलिक चर्च ऑर्थोडॉक्स, लुथरन, अँग्लिकन बाप्तिस्मा मान्य करतं, पण लॅटर-डे सेंट्सचा बाप्तिस्मा वैध नाही, असं व्हॅटिकनने २००१ साली जाहीर केलं. पिता, पुत्र, पवित्र आत्मा ही नावं तीच उच्चारली जातात, पण त्यांमागची देवाची कल्पना वेगळी, हे त्याचं कारण. तिकडे लॅटर-डे सेंट्सही दुसऱ्या कुठल्याच चर्चचा बाप्तिस्मा धरत नाहीत. त्यामुळे इकडून तिकडे किंवा तिकडून इकडे जायचं असेल, तर पुन्हा पाण्यात उतरावं लागेल, हे धरूनच पुढचं बोलणं सुरू करा.