व्हॅनचं सरकतं दार घरी दुरुस्त केलं: आंब्याचा हंगाम आणि पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

मार्चमध्ये, आंब्याच्या पेट्यांची धावपळ सुरू व्हायच्या आधी, आमच्या व्हॅनचं डावीकडचं सरकतं दार मी आणि भावाने अंगणातच दुरुस्त केलं. रूळ साफ केले, मधला रोलर, म्हणजे रुळात फिरणारं छोटं चाक, बदलला, कुलपाला नवं ग्रीस दिलं. आता दिवाळी उलटली आहे. दार आजही एका हाताने सरकतं, खाडकन आपटावं लागत नाही आणि पावसाळ्यात आत पाणी आलं नाही. सुटे भाग आणि स्प्रे मिळून खर्च हजाराच्या आसपास आला. आम्ही रत्नागिरी जिल्ह्यात राहतो. इथे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस, उन्हाळ्यात लाल धूळ आणि वर खारा वारा. त्यामुळे इथे टिकलेलं काम दुसरीकडेही टिकेल असं मला वाटतं.

आपल्याकडे सरकतं दार घरोघरी माहीत झालं ते १९८४ साली आलेल्या मारुती व्हॅनमुळे. तिलाच पुढे ओम्नी म्हणू लागले. ती २०१९ मध्ये बंद झाली, पण २०१० साली आलेली मारुतीचीच ईको अजून शाळेची मुलं, रुग्ण, भाजी, सिलिंडर सगळं वाहते आहे. बाजारातल्या अरुंद गल्लीत माल चढवायला या दाराइतकी सोय दुसरी नाही. तरीही बहुतेक व्हॅनचं दार ओढताना माणूस अर्धा वाकलेला दिसतो. ते तसंच असतं, असं लोकांनी धरूनच ठेवलं आहे. ते तसं नसतं.

दार तीन रुळांवर चालतं: वरचा, खालचा आणि मागच्या पत्र्यावर बाहेरून दिसणारा मधला. वजन मुख्यतः दोघांवर असतं. पुढची बाजू खालचा रोलर तोलतो, मागची मधला. वरचा फक्त दाराला बाहेर कलू देत नाही. रूळ पुढच्या टोकाला आत वळतात, म्हणून बंद होताना दार शेवटच्या वितीत आत ओढलं जातं. एवढं लक्षात ठेवलं की रोग कुठे आहे ते हाताला कळतं. दार सगळीकडेच जड जात असेल तर रुळात घाण आहे किंवा रोलर फिरत नाही. शेवटच्या वितीतच अडत असेल तर खालच्या रुळाचं वळण आधी बघा, चिखल तिथेच साचतो. आणि दार अर्धं उघडून मागची कड हाताने उचलल्यावर वर-खाली हलत असेल तर मधला रोलर झिजला आहे. आमचं तसंच होतं. रोलरचं बेअरिंग जाम झालं होतं, त्यामुळे तो फिरायचा सोडून घासत होता आणि एका बाजूने चपटा झाला होता. बेअरिंग बंद प्रकारचं असतं, त्यात तेल सोडून काही होत नाही. बदलायचंच.

गॅरेजमध्ये पुष्कळदा रोलरला हात न लावता खांबावरचा स्ट्रायकर, म्हणजे कुलूप ज्यात अडकतं तो कडीचा तुकडा, खाली सरकवून देतात. दार त्या दिवशी लागतं. पण मग लटकलेलं दार कुलपाच्या आधाराने उभं राहतं आणि वर्षभरात कुलूपही जातं. आधी रोलर, मग गरज उरली तरच स्ट्रायकर. आमच्या दारात रोलर बदलल्यावर स्ट्रायकरला पाना लावावाच लागला नाही.

सर्वांत जास्त वेळ गेला साफसफाईत, आणि माझ्या मते निम्मी दुरुस्ती तिथेच झाली. खालचा रूळ पायरीखाली असतो. तिथे जुनं ग्रीस आणि जांभ्याची धूळ मिळून सँडपेपरसारखा खरखरीत लगदा झाला होता. बांबूच्या कामटीने तो खरवडला, दात घासायच्या जुन्या ब्रशला डिझेल लावून रूळ घासला आणि सुती फडक्याने अगदी कोरडा केला. रुळात पुन्हा ग्रीस भरायचं नाही, हे ठासून सांगतो. चिकट ग्रीस धूळ धरून ठेवतं. रुळात सिलिकॉनचा स्प्रे पातळ मारायचा आणि जास्तीचा पुसून घ्यायचा. पांढरं लिथियम ग्रीस फक्त कुलपात आणि बिजागरीच्या पिनांवर. रबराच्या बीडिंगलाही सिलिकॉनच. खनिज तेलाने रबर फुगतं. डब्ल्यूडी-४० गंजलेला बोल्ट सोडवायला फार चांगला, पण तो मुळात पाणी हटवण्यासाठी बनवलेला आहे. रुळाचं वंगण म्हणून तो लवकर उडून जातो.

रोलर बदलताना दोन माणसं हवीतच. दाराखाली जॅक, त्यावर फळी, फळीवर गोणपाट, आणि एकाने दार धरून ठेवायचं. बोल्ट सोडण्याआधी रोलर ज्यावर बसवलेला असतो त्या पट्टीची जागा मार्करने आखून घ्या, म्हणजे नवा भाग बसवताना सेटिंग शोधत बसावं लागत नाही. तिन्ही आधार एका वेळी कधीही सोडू नका. दार पडलं तर पायावर पडतं. मोटरवर चालणारी सरकती दारं मात्र घरी उघडू नयेत. त्यांत केबल असते आणि बोट अडकलं तर दार थांबवणारी यंत्रणा असते.

एक तपासणी मी आता पेट्रोल भरण्याइतक्याच नेमाने करतो. दार पूर्ण उघडल्यावर अडकून राहतं का? गाडी उतारावर तोंड करून उभी असेल आणि उघडं दार धरून ठेवणारी पकड ढिली असेल, तर दार आपोआप पुढे घरंगळतं. घाटात मुलं खिडकीच्या कडेला हात ठेवून उतरतात. ती पकड साफ ठेवायला एक ब्रश आणि दोन मिनिटं पुरतात.

पावसाळ्यात महिन्यातून एकदा रूळ धुतले, वाळवले, स्प्रे मारला. प्रेशरच्या पाण्याचा झोत कुलपावर आणि रोलरवर येऊ दिला नाही. दाराच्या खालच्या कडेला बारीक भोकं असतात, काचेच्या रबरातून आत गेलेलं पाणी त्यांतून निघून जातं. ती बुजली की दार आतून कुजायला लागतं आणि बाहेर फोड दिसेपर्यंत पत्रा गेलेला असतो. तारेने ती मोकळी करत राहिलो. तरी मधल्या रुळाच्या मागच्या टोकाला, प्लॅस्टिकच्या टोपणाखाली, थोडा गंज धरला आहे. पत्रा अजून शाबूत आहे, म्हणून घासून प्रायमर लावणार आहे. खालच्या रोलरलाही किंचित आवाज येऊ लागला आहे, तो पुढच्या हंगामाआधी बदलून घेऊ. उजवीकडचं दार कमी वापरात असतं, त्याला नुसत्या साफसफाईने भागलं.