कर सल्लागारांच्या मिळकतीवरील एक ऑनलाइन अभ्यासक्रम: काही पटलेले, काही न पटलेले

आठ वर्षे दुसऱ्यांच्या कार्यालयात विवरणपत्रे भरल्यानंतर स्वतंत्र व्यवसाय करावा की एखाद्या मोठ्या कंपनीच्या करविभागात नोकरी धरावी, हे ठरत नव्हते, म्हणून मी कर सल्लागारांची मिळकत आणि कारकीर्द या विषयावरचा बारा आठवड्यांचा ऑनलाइन अभ्यासक्रम पूर्ण केला. पुढे काही तक्रारी येणार असल्याने संस्थेचे नाव मुद्दाम देत नाही.

आरंभीच सांगतो, ज्या भागासाठी बहुतेक जण नाव नोंदवतात तो मिळकतीचा भागच सर्वांत कच्चा आहे. त्यात सहायक, वरिष्ठ सहायक, व्यवस्थापक आणि भागीदार अशी चढती रेघ काढून दाखवली आहे, पण प्रत्येक पायरीवर पैसे नेमके कशाचे मिळतात, याचा उल्लेख नाही. पहिली दोन-तीन वर्षे हातावेगळ्या केलेल्या विवरणपत्रांवर तुमची किंमत ठरते, नंतर दुसऱ्याने केलेल्या कामातली चूक किती लवकर सापडते यावर, आणि भागीदार झाल्यावर तुमच्या शब्दावर किती अशील कार्यालयात येतात यावर. ही तीन वेगळी कौशल्ये आहेत आणि पहिल्यात तरबेज असलेला माणूस तिसऱ्यात अडखळलेला मी अनेकदा पाहिला आहे. त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे, स्वतंत्र व्यवसायाच्या उदाहरणात वर्षभराच्या एकूण फीलाच ‘मिळकत’ म्हटले आहे. सॉफ्टवेअरचे वार्षिक शुल्क, मदतनिसांचे पगार, व्यावसायिक जबाबदारीचा विमा, बुडालेली फी आणि नवा कायदा वाचण्यात गेलेले, ज्यांचे बिल कोणालाच लावता येत नाही असे तास हे सगळे त्यातून वजा व्हायचे असते. फी मुख्यत्वे विवरणपत्रांच्या मुदतीच्या आसपास येते आणि पगार मात्र दर महिन्याला द्यावे लागतात, ही साधी अडचणही तिथे नाही. ज्यांनी आयुष्यभर इतरांची वजावट मोजायची, त्यांच्या अभ्यासक्रमात हे व्हावे याचे हसू आले.

निरनिराळ्या देशांतील पात्रतेचे नियम सांगणारा चौथा आठवडा मात्र उत्तम आहे, कारण व्यवसायात शिरण्याचे दार किती अरुंद आहे याचा मिळकतीशी थेट संबंध तिथे उलगडतो. जर्मनीत कर सल्लागार ही पदवी कायद्याने संरक्षित आहे. तीन दिवसांत तीन लेखी प्रश्नपत्रिका आणि त्यानंतर तोंडी परीक्षा असते, नापास झाल्यास ती फक्त दोनदा पुन्हा देता येते, आणि फी कोणत्या मर्यादेत आकारावी याचीही शासकीय नियमावली आहे. जपानमध्ये अकरा विषयांपैकी पाच विषयांत उत्तीर्ण व्हावे लागते, पण एकदा सुटलेला विषय कायमचा सुटतो, त्यामुळे नोकरी सांभाळत वर्षाला एक-एक विषय देणारेही असतात. अमेरिकेत ‘एन्रोल्ड एजंट’, म्हणजे करखात्यापुढे करदात्याची बाजू मांडण्याचा परवाना असलेला सल्लागार, होण्यासाठी पदवीची अट नाही; तीन भागांची परीक्षा द्यावी लागते आणि पुढे दर तीन वर्षांत 72 तासांचे शिक्षण घ्यावे लागते. ब्रिटनमध्ये तर स्वतःला कर सल्लागार म्हणवण्यासाठी परीक्षेची सक्तीच नाही, म्हणून तिथे ‘चार्टर्ड’ या बिरुदाला किंमत येते. ही तुलना मांडणाऱ्या शिक्षकांचे तेवढ्यासाठी आभार मानले पाहिजेत.

सातव्या आठवड्यातील स्वाध्यायाने मला सर्वांत जास्त दिले. वारशाने मिळालेले घर विकणाऱ्या काल्पनिक अशिलाला सल्ला लिहायचा होता. मी कलमे, अपवाद आणि निवाडे यांनी भरलेली चार पाने पाठवली. ती परत आली तेव्हा समासात एकच ओळ होती: ‘यांनी उद्या सकाळी काय करायचे?’ दुसऱ्या खेपेस मी अर्धे पान लिहिले: खरेदीखत शोधा, करारावर सही करण्यापूर्वी मूल्यांकन करून घ्या, अमुक तारखेच्या आत रक्कम गुंतवली तर कर इतका, नाहीतर इतका. विवरणपत्र भरण्याची फी आणि सल्ल्याची फी यांत अंतर का असते, हे त्या दोन मसुद्यांकडे पाहून जेवढे कळले तेवढे कोणत्याही आलेखावरून कळले नाही.

पुढे कोणते काम वाढेल, यावरचे विवेचन घाईत उरकले आहे. अनेक देशांत करखातेच आधीच भरलेले विवरणपत्र करदात्याला पाठवते, तेव्हा साध्या पगारदाराच्या विवरणपत्रावर घर चालवण्याचे दिवस सरत आहेत, एवढे ते बरोबर सांगतात. मात्र 75 कोटी युरो किंवा त्याहून अधिक उलाढाल असलेल्या बहुराष्ट्रीय समूहांसाठी आलेला 15 टक्के किमान कर, ट्रान्सफर प्रायसिंग (एकाच समूहातील कंपन्यांनी आपसातल्या व्यवहारांचे भाव ठरवणे) आणि वादप्रकरणे यांना मिळून एकच तास दिला आहे. करखात्यातून बाहेर पडून सल्लागार झालेल्यांची वाट तर पूर्णच राहून गेली. अपिलाच्या कामात अशा माणसांना चांगली मागणी असते.

तक्रार वैयक्तिक मार्गदर्शनाची. पाऊण तासाची बैठक कबूल केली होती, ती वीस मिनिटांत आटोपली, आणि त्यातली पहिली सात-आठ मिनिटे मार्गदर्शकांना माझी माहिती वाचून दाखवण्यात गेली. लेखी तक्रारीनंतर दुसरी बैठक मिळाली व ती चांगली झाली, हेही नोंदवतो.

नुकतेच पदवीधर झालेल्यांनी हा अभ्यासक्रम चौथ्या आणि सातव्या आठवड्यासाठी अवश्य घ्यावा. पाच-सहा वर्षांचा अनुभव असलेल्यांनी केवळ स्वाध्यायांचा स्वतंत्र संच मागून पाहावा. संस्था तो देते, पण जाहिरातीत तसे लिहीत नाही. मिळकतीचा आलेख मी दुसऱ्या दिवशी खर्च वजा करून पुन्हा मांडला, आणि तूर्त नोकरीचा अर्ज पाठवला आहे.