ईशापूर २ए१: कापायची की तशीच ठेवायची? नऊ महिन्यांनंतरचा अनुभव

गेल्या जूनमध्ये अमेरिकेत, ओहायोतल्या कोलंबसजवळच्या एका गन शोमध्ये ईशापूर २ए१ ही जुनी भारतीय लष्करी रायफल घेतली. तेव्हापासून साडेतीनशेच्या आसपास गोळ्या झाडून झाल्यात, त्यामुळे आता बोलायला हरकत नाही.

घेतानाच बेत ठरलेला होता. नळी आखूड करायची, पुढचं लाकूड निम्मं उडवायचं, काळा प्लास्टिकचा दस्ता लावायचा आणि वर स्कोप, म्हणजे नेम धरायची दुर्बीण. ४४ इंचांचं हे धूड ओहायोच्या झाडीत घेऊन कोण फिरणार? शिवाय लाकडावर काळपट ग्रीजचा थर, आणि मॅगझिनच्या पुढे लाकडातून आरपार गेलेला एक स्क्रू. कुणीतरी चिरलेलं लाकूड गावठी पद्धतीनं जोडलंय, असंच मला वाटलं. तेच कारण सांगून विकणाऱ्याशी घासाघीसही केली. त्यालाही माहीत नव्हतं बहुतेक.

घरी आल्यावर वाचलं, तर तो स्क्रू बंगालमधल्या ईशापूरच्या रायफल कारखान्यातलाच. लाकूड फाटू नये म्हणून तिथे मुद्दाम मारत. ज्याला मी ठिगळ समजत होतो ती तिची ओळख निघाली.

मग पहिली साफसफाई. लाकडं सुटी करून काळ्या कचऱ्याच्या पिशवीत घातली आणि उन्हात गाडीच्या मागच्या काचेखाली ठेवली. तासाभरात घाम फुटावा तसं ग्रीज बाहेर आलं. पुसायचं, परत ठेवायचं. चार दिवस हेच चाललं होतं. दस्त्याच्या मुळाशी असलेल्या लोखंडावर अशोकस्तंभाचे सिंह, आर.एफ.आय. (रायफल फॅक्टरी ईशापूर) आणि १९६७ स्वच्छ दिसायला लागलं, तेव्हा करवतीचा विषय थोडा पुढे ढकलला.

व्हिडिओ कॉलवर बाबांना दाखवली. ते महाराष्ट्र पोलिसातून निवृत्त झालेत, उमेदीची वर्षं थ्री नॉट थ्री खांद्यावर वागवलेली. सगळ्यात आधी त्यांनी विचारलं, "अरे, मॅगझिन असलं चौकोनी कसं? आमचं खाली तिरपं असायचं." बरोबर पकडलं त्यांनी. ही दिसते थ्री नॉट थ्रीसारखी, पण खाते ७.६२ नाटोची गोळी. १९६२ च्या युद्धात आपलं पायदळ प्रत्येक गोळीला हातानं बोल्ट ओढत बसलं होतं, त्यानंतर लष्कर ७.६२ कडे वळलं. एसएलआर, म्हणजे पुढची गोळी आपोआप भरणाऱ्या रायफली, पुरेशा बनेपर्यंतची सोय म्हणून ईशापूरच्या या हुगळीकाठच्या कारखान्यानं जुन्याच घाटाची रायफल नव्या गोळीसाठी केली, तीही आधीपेक्षा चांगल्या पोलादात. मॅगझिन बारा गोळ्यांचं. नेम धरायच्या मागच्या साइटवर ८०० मीटरपर्यंतचे आकडे.

वापराबद्दल. बोल्ट लोण्यासारखा चालतो. शंभर यार्डांवर उघड्या साइटनं चार इंचांत गोळ्या बसतात, माझ्या चष्म्याला हे पुष्कळ झालं. झाडण्याआधी गनस्मिथकडून हेडस्पेस, म्हणजे बंद बोल्ट आणि नळीत बसलेली गोळी यांच्यातली मोकळीक, गेजनं तपासून घेतला. ते न करता घेतलेली जुनी रायफल मी तरी खांद्याला लावणार नाही. धक्का सणसणीत आहे. दस्त्याच्या टोकाची पट्टी धातूची, त्यामुळे वीस गोळ्यांनंतर खांदा बोलायला लागतो. त्यावर रबरी मोजा चढवला. दोन मिनिटांत चढतो, दोन मिनिटांत उतरतो.

दस्ता मला आखूड पडत होता. कापाकापीच्या बाजूचं माझं हे सगळ्यात भक्कम कारण होतं. पण या घराण्यातल्या रायफलींचे दस्ते लष्करात मापानुसारच मिळत, लांब दस्त्यावर एल ठोकलेला असायचा. तसा एक जुना मिळाला. बदलताना एक जपायचं: आधी पुढचं लाकूड उतरवायचं, मगच दस्ता धरून ठेवणारा आतला लांब बोल्ट फिरवायचा. उलट केलंत तर बोल्टचं टोक फिरताना पुढचं लाकूड फाडू शकतं. मी उलटच सुरू केलं होतं. कर्रर्र आवाज आला आणि हात थांबला. केसाएवढी चीर गेलीय, दिसते मलाच. नंतर लाकडाला जवसाच्या तेलाचे हात दिले. तेलाच्या चिंध्या बोळा करून टाकू नका, आपोआप पेट घेतात. मी कुंपणावर वाळत घालतो, शेजारीण विचारते काय चाललंय.

स्कोपसाठी गनस्मिथ वरच्या लोखंडात भोकं पाडायला तयारच होता. तिथे मी नाही म्हटलं. लाकूड बदलता येतं, रबर काढता येतं, पण लोखंडात पाडलेलं भोक आणि कापलेली नळी कायमची. शिवाय पन्नास वर्षांवरचं मूळ रूपातलं हत्यार इथे 'क्युरिओ अँड रेलिक', म्हणजे संग्रहातली जुनी वस्तू, धरतात, संग्राहकाच्या लायसन्सवर ते थेट घरी मागवता येतं. रूप बदललं की त्या दर्जावर पाणी सोडायची तयारी हवी.

पण सगळ्याच जुन्या रायफली देव्हाऱ्यात ठेवा असं माझं म्हणणं नाही. स्कोपची हौस होतीच, म्हणून जानेवारीत एक थ्री नॉट थ्री घेतली. तिची नळी आणि लाकूड कुणीतरी माझ्या जन्माआधीच कापलंय, म्हणून निम्म्या किमतीत मिळाली. तिला बिनधास्त भोकं पाडली, काळा दस्ता लावला, वाईट अजिबात वाटलं नाही. स्कोप लावून नेमबाजीला तीच नेणार.

ईशापूरची एकच तक्रार उरलीय. मॅगझिनचा ओठ किंचित वाकलाय, शेवटची गोळी तिरकी येते. मूळ मॅगझिन शोधतोय, पण लोक त्याचे पैसे असे सांगतात की बाबांना आकडा सांगितलेला नाही.