अ‍ॅन्सिबल की टेराफॉर्म: नेटवर्क कोणाच्या हाती द्यावं?

डेटा सेंटरमधले स्विच आणि क्लाउडवरचे व्हीपीसी (आपली खाजगी नेटवर्कं) एकाच टीमच्या गळ्यात पडले, की हा प्रश्न येतोच. दोन्ही साधनं फायलीत लिहिलेली मांडणी आपोआप लागू करतात.

अ‍ॅन्सिबल २०१२ मधलं. त्याची मोठी सोय म्हणजे स्विचवर काहीच इन्स्टॉल करावं लागत नाही. एसएसएचने (सुरक्षित रिमोट लॉगिनने) आत शिरायचं आणि यॅमल या साध्या मजकुराच्या फॉरमॅटमधलं प्लेबुक, म्हणजे कामांची यादी, चालवायचं. सिस्को, अरिस्टा, जुनिपरसाठी मॉड्यूल तयार आहेत. सगळ्या स्विचवर एनटीपी (घड्याळं जुळवणारा) सर्व्हर बदलायचा असेल, तर मी दुसरीकडे बघणारही नाही. पण आधी काय केलं होतं, याची नोंद ते ठेवत नाही. प्लेबुकमधून व्हीलॅनची (स्विचवरच्या वेगळ्या आभासी नेटवर्कची) ओळ नुसती खोडली, तर नेहमीच्या पद्धतीत स्विचवर तो तसाच राहतो.

२०१४ मध्ये आलेलं टेराफॉर्म नेमकं उलट. ते स्टेट फाइलमध्ये सगळा हिशेब ठेवतं. ओळ खोडली की पुढच्या अप्लायला (बदल लागू करताना) सबनेट, म्हणजे नेटवर्कचा तो तुकडा, गेलंच! म्हणून आधी प्लॅन (होणाऱ्या बदलांची यादी) नीट वाचायचा. 'रिप्लेस' (जुनं पाडून नवं उभारणं) दिसलं तर तिथेच थांबायचं. शिवाय स्टेट फाइलमध्ये पासवर्ड उघडे पडू शकतात, त्यामुळे ती गिटमध्ये (कोडच्या सामायिक साठ्यात) टाकायची नाही. ती रिमोट बॅकएंडवर (दूरच्या सुरक्षित साठ्यावर) ठेवायची, दोघांनी एकदम बदलू नये म्हणून लॉक लावून.

माझा कौल: व्हीपीसी, सबनेट, राउट टेबल टेराफॉर्मकडे, प्रत्यक्ष स्विच-राउटर अ‍ॅन्सिबलकडे.

लायसन्सही बघा. ऑगस्ट २०२३ मध्ये हॅशिकॉर्पने टेराफॉर्मचं खुलं लायसन्स बदलून बंधनं असलेलं केलं आणि त्यातून ओपनटोफू ही खुली आवृत्ती फुटून निघाली. गंमत म्हणजे अ‍ॅन्सिबलवालं रेड हॅट आणि हॅशिकॉर्प, दोघंही आता आयबीएमच्याच घरात आहेत.