कूपर्सटाउनचं बेसबॉल म्युझियम: क्रिकेटवाल्यांनीही बघावं असं

न्यू जर्सीतून साधारण चार तासांची ड्राइव्ह आहे आणि शेवटचा रस्ता सगळा खेडेगावांतून जातो, पण न्यूयॉर्क राज्यातलं हे बेसबॉल हॉल ऑफ फेम, म्हणजे बेसबॉलमधल्या थोरांना मान देणारं म्युझियम, बघाच. बेसबॉल कळत नसलं तरी चालेल, क्रिकेटचं वेड असलं की पुरे, कारण उघडपणे पगार देणारी पहिली टीम बांधली ती एका क्रिकेटवाल्यानेच. हॅरी राइट नाव त्याचं, जन्म इंग्लंडात शेफील्डचा, वडील न्यूयॉर्कच्या सेंट जॉर्ज क्लबात क्रिकेटचे प्रोफेशनल, आणि १८६५ मध्ये हा सिनसिनाटीला गेला तोसुद्धा क्रिकेटच्याच नोकरीवर!

लोक आत शिरले की थेट बेब रूथकडे, बेसबॉलच्या सगळ्यात गाजलेल्या खेळाडूकडे, पळतात. तुम्ही आधी दुसऱ्या मजल्यावर एकोणिसाव्या शतकाचा भाग बघा. डबलडे बॉल म्हणून एक चेंडू आहे, चामडं उसवलेलं, आत कोंबलेलं कापड दिसतं. जवळच्याच एका गावात माळ्यावरच्या पेटीत तो १९३४ मध्ये सापडला आणि म्युझियम उभारणाऱ्या स्टीफन क्लार्कने ५ डॉलरला घेतला. अॅबनर डबलडेने १८३९ मध्ये याच गावात बेसबॉल शोधला या गोष्टीवर हे म्युझियम उभं राहिलं, आणि ती गोष्ट खरी नाही, तो तेव्हा वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत शिकत होता. तरी चेंडू ठेवलाय ते मला आवडलं, दंतकथा पण इतिहासाचाच भाग की.

खरी सुरुवात सिनसिनाटी रेड स्टॉकिंग्ज, १८६९. त्याआधी खेळाडूंना पैसे मिळायचे पण टेबलाखालून. क्लबचा अध्यक्ष अॅरन चॅम्पियन, पेशाने वकील, त्याने पैसा उभा केला आणि हॅरीने माणसं आणली. हॅरीला सीझनचे १२०० डॉलर, त्याचा धाकटा भाऊ जॉर्ज शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला फील्डर) त्याला १४००, आणि गंमत म्हणजे पहिल्या नऊ जणांत मूळचा सिनसिनाटीचा एकटा चार्ली गूल्ड. त्याच मे महिन्यात देशाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रेल्वे जोडली गेली आणि सप्टेंबरात ही टीम सॅन फ्रान्सिस्कोला खेळून आली, वर्षभरात एकही मॅच हरली नाही! १४ जून १८७० ला ब्रुकलिनच्या अटलांटिक्सनी अकराव्या इनिंगमध्ये ८-७ ने हरवलं, मग गर्दी ओसरली, खर्च झेपेना आणि क्लबने पगारी टीमच बंद केली. हॅरी भावाला आणि आणखी काही जणांना घेऊन बोस्टनला गेला, नाव रेड स्टॉकिंग्जच ठेवलं, आजची अटलांटा ब्रेव्ज त्याच टीमची वंशज.

हे डोक्यात ठेवून मग खाली, हॉल ऑफ फेममध्ये निवडलेल्यांच्या ब्राँझच्या पाट्यांच्या दालनात या, तिथे खरी मजा आहे. जॉर्ज राइटला १९३७ मध्ये जागा मिळाली, टीम बांधणाऱ्या हॅरीला १९५३ मध्ये. १८७६ मध्ये नॅशनल लीग (आजच्या दोन मोठ्या लीगपैकी एक) काढली शिकागोच्या विल्यम हल्बर्टने, पण पहिला अध्यक्ष म्हणून मॉर्गन बल्कलीला बसवलं, तो एकच वर्ष होता. बल्कली १९३७ मध्येच आत आणि हल्बर्टला १९९५ उजाडावं लागलं, हे मला अजिबात पटत नाही! चॅम्पियनची तर पाटीच नाही. ज्याने खिशात हात घातला, लोकांकडून वर्गणी गोळा केली, त्याला जागा हवी होती असं माझं ठाम मत आहे.

मी पाचपैकी साडेचार देईन, अर्धा चॅम्पियनसाठी कापला. जुलैमध्ये नवीन खेळाडूंचा सोहळा असतो त्या वीकेंडला गाव तुडुंब भरतं, तेव्हा टाळा. अख्खा दिवस ठेवा, दोन तासांत उरकायची जागा नाही ही.