मलेरिया थ्रेट्स मॅप: लॅबमध्ये काम करत असाल तर उघडून बघाच

डब्ल्यूएचओचा मलेरिया थ्रेट्स मॅप मी बरेच दिवस वापरतोय, आणि कोल्हापुरातल्या आपल्या लॅबवाल्या मंडळींना विचारलं तर बऱ्याच जणांनी नावसुद्धा ऐकलेलं नसतं, म्हणून लिहितोय. २०१७ पासून चालू आहे, फुकट आहे, लॉगिन लागत नाही. उघडला की जगाचा नकाशा येतो आणि चार विषय येतात: कीटकनाशकाला न जुमानणारे डास, रॅपिड किटला सापडत नाहीत असे परजीवी, औषधाला दाद न देणारे परजीवी आणि नव्या देशात घुसलेले डास. मी तिसऱ्यासाठी जातो, त्यामुळं बोलणार पण त्याच्याबद्दलच.

त्यात दोन प्रकारचे अभ्यास आहेत आणि ते वेगवेगळे बघायचे, हे आधी डोक्यात पक्कं करा. एकात पेशंटला औषध देऊन २८ किंवा ४२ दिवस त्याचं रक्त परत परत तपासतात आणि किती जणांत औषध फेल गेलं ते मोजतात. फेल जाण्याचं प्रमाण १० टक्क्यांच्या वर गेलं की औषध बदला असं डब्ल्यूएचओ सांगते. दुसऱ्यात पेशंट नाही, परजीवीचा जीन बघतात, त्यात ठरावीक जागी बदल झालाय का, म्हणजे मार्कर. आता पीएफमधला (प्लाझमोडियम फॅल्सिपेरम, मलेरियाचा जास्त धोक्याचा परजीवी) के१३ नावाचा जीन घ्या, २०१४ मध्ये त्याचा आर्टिमिसिनिनला, म्हणजे मलेरियाच्या मुख्य औषधाला, दाद न देण्याशी संबंध कळला. त्यात बदल असला की परजीवी रक्तातनं सावकाश जातात, तिसऱ्या दिवशी पण स्लाईडवर दिसत राहतात, पण गोळीत आर्टिमिसिनिनबरोबर दिलेलं जोडीचं औषध चांगलं असेल तर पेशंट तरीसुद्धा बरा होतो. त्यामुळं मार्करचा ठिपका दिसला की औषध संपलं असं नाही हो. जोडीचं औषध पण कमजोर पडलं की मग खरी पंचाईत, कंबोडियात नेमकं तेच झालं, के१३ मधला सी५८०वाय बदल आणि तिथल्या गोळीतलं जोडीचं औषध असलेल्या पायपेराक्विनला न जुमानणाऱ्या परजीवींच्या प्लाझमेप्सिन २-३ जीनच्या जादा कॉप्या, दोन्ही एकाच परजीवीत, आणि ती गोळी तिथं सपशेल फेल जायला लागली.

मला सगळ्यात भारी वाटलं ते आफ्रिका बघताना. मार्करमध्ये के१३ निवडा, रवांडावर झूम करा, ठिपक्यावर क्लिक करा की जागा, वर्ष, किती नमुने, कुठला बदल, सगळं समोर. तिथं आर५६१एच सापडलाय. हा बदल आग्नेय आशियात आधीच माहीत होता, त्यामुळं कुणालाही वाटेल की तिकडनंच कुणाच्या तरी अंगातनं आला असणार, पण जीनच्या आजूबाजूचा डीएनए तपासला तेव्हा कळलं की तो रवांडातल्या परजीवींमध्ये स्वतंत्रपणे तयार झालाय. म्हणजे विमानतळावर कितीही पहारा ठेवला तरी हे अडलं नसतं. युगांडात परत वेगळेच बदल, ए६७५व्ही आणि सी४६९वाय. ही माहिती आधी जर्नल उपसून काढायला लागायची, इथं ती एका जागी मिळते आणि डाउनलोड पण करता येते.

कोल्हापुरात याचा काय उपयोग असं कुणीतरी विचारणारच. शिरोली, गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत, इचलकरंजीच्या मागावर ओडिशा, झारखंडकडची किती पोरं आहेत बघा, सणाला गावी जातात आणि परत येतात. स्लाईडवर पीएफची रिंग दिसली की मी आधी विचारतो, भैया, गेल्या महिन्यात कुठं गेला होता? फॉर्मवर पत्ता कोल्हापूरचा असतो, परजीवी कुठला ते त्यातनं कळत नाही. आपल्या देशात हे घडलेलं आहे ना, क्लोरोक्विनला, म्हणजे मलेरियाच्या जुन्या औषधाला, न जुमानणारा पीएफ १९७३ मध्ये आसामात पहिल्यांदा नोंदला गेला, पुढं आर्टेसुनेटबरोबर (आर्टिमिसिनिनचाच प्रकार) जोडीला एसपी (सल्फाडॉक्सिन-पायरिमेथामिन) आलं, आणि २०१३ मध्ये ईशान्येकडच्या राज्यांत एसपी पण चालेना म्हणून तिथं आर्टिमेथर-ल्युमेफँट्रिन ही दुसरी जोडगोळी आणायला लागली. म्हणजे कुठलं औषध चालत नाही ते भागाप्रमाणं बदलतं, तेव्हा पेशंट कुठनं आलाय ही फॉर्मवरची एक ओळ लै महत्त्वाची आहे.

आता कमी कुठं पडतो ते. नकाशावर ठिपका तिथंच येतो जिथं कुणीतरी नमुने घेऊन तपासले आणि कळवले. मोकळी जागा म्हणजे तिथं सगळं ठीक आहे असा अर्थ अजिबात काढू नका. वर्ष पण बघत जा, ठिपका आज दिसला तरी नमुना काही वर्षांपूर्वीचा असतो. पीव्हीवाल्यांच्या (प्लाझमोडियम व्हायवॅक्स, मलेरियाचा दुसरा परजीवी) हाताला मार्करमध्ये फारसं काही लागणार नाही, कारण पीव्हीत क्लोरोक्विन रेझिस्टन्सचा पक्का मार्करच अजून मिळालेला नाही, तो परजीवी लॅबमध्ये सलग वाढवता येत नाही त्यामुळं काम अवघड होऊन बसलंय. मराठीत पण नाही, त्यामुळं आशाताईंना दाखवायचा तर शेजारी बसून सांगायला लागतं. आणि शक्यतो मोठ्या स्क्रीनवर उघडा, ठिपके एकमेकांवर चढतात.

माझ्याकडनं पाचपैकी चार. एक स्टार त्या मोकळ्या जागांसाठी राखून ठेवलाय, आणि त्या भरणं नकाशावाल्यांच्या हातात नाही, नमुना आपल्यासारख्यांकडनंच जाणार. त्याला फार काही लागत नाही, बोटातनं काढलेले रक्ताचे दोन-चार थेंब फिल्टर पेपरवर, नीट वाळवून, सिलिका जेलच्या पुडीसकट झिपच्या पिशवीत, फ्रिजची गरज नाही, डीएनए टिकतो. स्टेन केलेल्या जुन्या स्लाईडवरनं सुद्धा डीएनए काढता येतो. तेव्हा पीएफच्या पॉझिटिव्ह स्लाईडी धुवून परत वापरायला घेऊ नका, तारीख आणि प्रवास लिहून बाजूला ठेवा, आणि जिल्हा हिवताप कार्यालयाला विचारा की कुठल्या अभ्यासाला नमुने हवेत का. पेशंटचं औषध मात्र नकाशा बघून कुणी ठरवू नका, ते डॉक्टर सरकारी गाईडलाईन बघून देतील, आणि गोळ्यांचा कोर्स पूर्ण झाला का हे विचारायला तिसऱ्या दिवशी फोन करा, त्याच फोनवर परत स्लाईडला बोलवा.